साखरेचा दाणा आणि क्षयाचा जंतू



गळीत हंगामात आपण उसाचे वजन करता, पावती खिशात घालता आणि परत फिरता. एकदा सवड काढून कारखान्याच्या पॅनच्या मजल्यावर जाऊन या. तेथे निर्वात भांड्यात पाक आटवला जातो आणि नेमक्या वेळी त्यात साखरेचे अगदी बारीक बी सोडले जाते. त्या बियाभोवती साखर बसत जाते, दाणा मोठा होतो. पॅनवरचा माणूस घडोघडी नमुना काचेवर घेऊन उजेडात बघतो. पाक कमी आटला तर धरलेला दाणा विरघळतो, फाजील आटला तर नको असलेला खोटा दाणा धरतो. घाई करणाऱ्याचे तेथे काम नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की दाणा धरण्याच्या याच कलेचा आधार घेऊन महाराष्ट्रातील एका शास्त्रज्ञाने क्षयरोगाच्या जंतूच्या पोटातील यंत्रणा उलगडून दाखवली. त्यांचे नाव डॉ. शेखर मांडे. त्यांच्या कामाची माहिती सभासदांना व्हावी आणि त्या निमित्ताने घरात बोलायला आपण कचरतो त्या एका रोगाविषयी चार शब्द मोकळेपणाने बोलावेत, म्हणून हा लेख. ऊस विकास खात्याच्या माणसाने क्षयावर लिहावे याचे काहींना हसू येईल. पण बेणे निरोगी हवे हे आम्ही बांधाबांधावर सांगत फिरतो, तसा बेणे लावणारा माणूसही निरोगी नको का?

कोकणाची जुनी ओळख

आपल्या मालवण, कणकवली, वैभववाडी भागातील जुन्या माणसांना हा रोग नवा नाही. मुंबईच्या गिरणीत गेलेला चाकरमानी एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा, पाळी बदलली की अंथरुणही बदलायचे. त्यातला एखादा खोकत खोकत गावी परतायचा. पडवीत त्याची खाट वेगळी, ताट-पेला वेगळा. घरातील माणसे रोगाचे नाव घेत नसत. 'छातीचे दुखणे' एवढेच सांगत. मुलीचे लग्न मोडेल ही धास्ती रोगाच्या धास्तीपेक्षा मोठी होती, आणि खरे सांगायचे तर ती अजून पुरती गेलेली नाही.

महाराष्ट्राची पहिली स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी याच रोगाने पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याच्या पाचच वर्षे आधी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. शत्रू दिसला, पण त्याला मारायचे हत्यार हाती नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले प्रभावी औषध १९४३ साली सापडले, म्हणजे मध्ये साठ वर्षे गेली.

आज औषधे आहेत, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात भारतात सुमारे २८ लाख लोकांना क्षय झाला. जगातील दर चार रुग्णांमागे एक आपला. औषध असून रोग का हटत नाही? याचे अर्धे उत्तर जंतूच्या स्वभावात आहे आणि अर्धे आपल्या.

पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी रोगाकडे वळतो

डॉ. मांडे यांचा जन्म १९६२ सालचा. नागपूर विद्यापीठातून त्यांनी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले. डॉक्टरकीचे शिक्षण नाही, स्टेथोस्कोप कधी गळ्यात घातला नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी. झाल्यावर ते नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे आणि नंतर अमेरिकेतील सिएटल येथे संशोधनास गेले. तेथून परत येऊन चंदीगडची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आणि त्यानंतर हैदराबादचे डी.एन.ए. फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्र येथे त्यांनी काम केले. २००५ साली त्यांना जीवशास्त्रातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २०११ पासून ते पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेचे संचालक होते आणि ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०२२ या काळात देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक.

पदे मोठी खरी, पण आपल्याला त्यांच्या पदांपेक्षा त्यांच्या कामात रस आहे. पदार्थविज्ञान शिकलेला माणूस क्षयाचे काय करणार, असा प्रश्न पडेल. तर त्याचे उत्तर दाण्यात आहे.

प्रथिनाचा दाणा

जंतू म्हणजे एक बारकासा कारखानाच समजा. त्यातली सगळी कामे प्रथिने करतात. कोणी अन्न फोडतो, कोणी भिंत बांधतो, कोणी दुरुस्ती करतो. प्रथिन मुळात लांब दोरीसारखे असते. मालवण किनाऱ्यावर सुंभ वळताना आपण पाहिला आहे. सुंभ नीट गुंडाळला तर कामाला येतो, गुंता झाला तर फेकून द्यावा लागतो. प्रथिनाचेही तसेच. त्या दोरीची ठराविक घडी बसली तरच ते काम करते. म्हणून घडी कशी आहे हे कळले, की ते यंत्र चालते कसे याचा अंदाज येतो आणि ते बंद कोठे पाडता येईल हेही शोधता येते.

पण प्रथिन साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, इतके लहान. त्यावर शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. एकच प्रथिन शुद्ध करून त्याचा दाणा, म्हणजे स्फटिक, धरायचा. त्या दाण्यात कोट्यवधी प्रथिने पलटणीसारखी रांगेत उभी राहतात. मग त्यातून क्ष-किरण सोडायचे. किरण विखुरतात आणि त्यांच्या ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून गणित मांडत मांडत प्रथिनाचा आकार काढायचा. हे गणित पदार्थविज्ञानाचे. नागपूरची एम.एस्सी. येथे कामाला आली.

आपल्या पॅनमध्ये टनावारी पाक असतो. येथे सगळा खेळ एका थेंबाचा. क्षार किती, आम्लता किती, तापमान किती, हे बदलून शेकडो थेंब लावायचे आणि वाट बघायची. कधी आठवडा, कधी महिने. पुष्कळ वेळा दाणा धरतच नाही. धरला तर इतका कच्चा, की क्ष-किरणांत टिकत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

पिंप आणि त्याचे झाकण

डॉ. मांडे यांनी निवडलेली प्रथिने फार महत्त्वाची होती. शॅपरोनिन हे त्यांचे नाव. दुसऱ्या प्रथिनांची घडी नीट बसवून देणारी ही प्रथिने. माणसाच्या शरीरात शिरल्यावर जंतूला ताप, आम्ल आणि आपल्या संरक्षक पेशींचा मारा सोसावा लागतो. अशा वेळी त्याची प्रथिने उकडलेल्या अंड्यासारखी गोळा होऊ लागतात. तेव्हा ही शॅपरोनिने धावून येतात.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या साध्या जंतूत शॅपरोनिन पिंपासारखे असते. सात-सात तुकड्यांची दोन कडी एकावर एक, मिळून चौदा तुकडे. त्यावर सात तुकड्यांचे घुमटाकार झाकण. बिघडलेले प्रथिन पिंपात जाते, झाकण बसते आणि आत एकांतात त्याची घडी बसते.

सिएटल येथे असताना डॉ. मांडे आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरोगाच्या जंतूतील या झाकणाची रचना शोधली. ती १९९६ साली 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कुष्ठाचा जंतू हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. पुढे भारतात परतल्यावर त्यांनी क्षयजंतूचे झाकण आणि पिंप ही दोन्ही कामे हाती घेतली. क्षयजंतूकडे पिंपाची एक नव्हे, दोन जनुके आहेत.

आता गंमत बघा. २००४ साली हैदराबादच्या त्यांच्या गटाने क्षयजंतूच्या पिंपाची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा तेथे पिंप नव्हतेच! चौदा फळ्यांऐवजी दोन-दोन फळ्यांच्या जोड्या होत्या. तरीसुद्धा या जोड्या दुसऱ्या प्रथिनांचा गोळा होऊ देत नव्हत्या. जगभरच्या पुस्तकांत छापलेले चित्र या जंतूला लागू पडत नव्हते. दाणा चुकला असे म्हणून काम बाजूला ठेवणे सोपे होते. या गटाने ते ठेवले नाही. आणखी पाच वर्षांनी, २००९ साली, त्यांनी दाखवले की दोनांपैकी एका प्रथिनाला फॉस्फेटची जोड मिळाली की त्याच्या फळ्या एकत्र येऊन कडी तयार होतात. म्हणजे हा जंतू आपली हत्यारे सुटी करून ठेवतो आणि गरजेप्रमाणे जोडतो, असे चित्र पुढे आले.

याच काळात दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत डॉ. राजेश गोखले यांचा गट जंतूच्या मेणकट आवरणामागे लागला होता. चरबीचे घटक कोणत्या पायऱ्यांनी त्या आवरणाच्या कामी येतात, यातील एक नवी पायरी त्यांनी २००४ साली 'नेचर' मध्ये मांडली. हे मेणच जंतूला कोरडेपणापासून आणि पुष्कळशा औषधांपासून वाचवते.

"त्याचा आम्हाला काय उपयोग?"

ही माहिती मी एका बैठकीत सांगितली तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "सायबानू, ह्या सगळा बरा, पण त्याचो आमका काय उपयोग?" प्रश्न रास्त होता. फळ्या मोजून दुसऱ्या दिवशी गोळी निघत नाही. मूळ विज्ञान हे नारळाच्या झाडासारखे आहे. लावणारा एक आणि पाडपी दुसरा. पण पाड मिळतो, याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे.

रिफाम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध. जंतूमध्ये जनुकांची नक्कल काढणारे एक यंत्र असते, त्याला हे औषध जाम करते. त्या यंत्राच्या एका भागाचे जनुक म्हणजे आर.पी.ओ.बी. या जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल झाला की बहुतेक वेळा औषध लागू पडेनासे होते. हे ज्ञान प्रयोगशाळेत अशाच चिकाटीच्या कामातून आले. १९९८ साली क्षयजंतूची सुमारे ४४ लाख अक्षरांची संपूर्ण जनुकीय पोथी वाचून झाली, तेव्हा अशा शोधांना मोठा आधार मिळाला.

या ज्ञानावर बेतलेले 'ट्रूनॅट' नावाचे छोटे यंत्र बंगळूरच्या प्रयोगशाळेत विकसित झाले आणि तेरेखोलच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या गोव्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. बेडका तपासून जंतू आहे की नाही हे साधारण तासाभरात कळते आणि रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही हे पुढच्या तासाभरात. पूर्वी जंतू बशीत वाढवून बघावे लागे आणि त्याला कित्येक आठवडे जात. कारण हा जंतू आळशी आहे. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ एक दिवस लागतो.

लव्हाळ्याची गाठ

या आळशीपणातच सगळी मेख आहे. उसातला लव्हाळा आपण खुरपतो. वरून रान स्वच्छ दिसते. पण जमिनीत गाठ शिल्लक असते आणि पाणी मिळाले की ती पुन्हा फुटते. क्षयाचा जंतू तसाच. औषध सुरू केले की भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते, वजन वाढते. पण हळू वाढणारे आणि झोपून राहिलेले जंतू आत गाठीसारखे उरतात. त्यांच्यासाठी पुढचे महिने असतात. म्हणून नेहमीच्या क्षयाला सहा महिने औषध. पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने तीन.

एकाच वेळी इतकी औषधे कशाला, असेही विचारले जाते. कोट्यवधी जंतूंत एखादा असा निघतो, की त्याच्यावर एक औषध चालत नाही. तो दुसऱ्या औषधाने मरतो. औषध मध्येच सोडले, किंवा एक गोळी घेतली आणि एक टाकली, तर नेमका तोच वाचतो. मग रानभर त्याचेच पीक येते. घरात दुसऱ्याला रोग झाला तर तोही त्याच जातीचा.

खाडीकाठच्या एका गावातील आमच्या एका सभासदाच्या मुलाचे असेच झाले. मुलगा मच्छीमार ट्रॉलरवर खलाशी. औषधाला दोन महिने झाले, अंगात ताकद आली आणि तो पुन्हा समुद्रावर गेला. वडिलांनी टोकले तेव्हा म्हणाला, "खोकलो थांबलो, वजन वाढला, मगे आता गोळये कित्याक खांवचे?" वर्षाच्या आत रोग उलटला आणि तपासणीत मुख्य औषध चालत नसल्याचे निघाले. पुढचा उपचार जड गेला. त्या हंगामात वडील दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकले आणि त्यांची लागण उशिरा झाली. एकरी उतारा किती घटला हे मी सांगू शकतो. घराने काय सोसले त्याचा तक्ता माझ्याकडे नाही. मुलगा आता बरा आहे. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावर २०२४ पासून आपल्या देशात सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती मान्य झाली आहे. तरी ती वेळच येऊ नये हे उत्तम.

सभासदांनी काय करावे

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, घटते वजन, बेडक्यात रक्त, यातील काहीही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बेडका तपासून घ्यावा. तपासणी आणि औषध दोन्हींस पैसे पडत नाहीत. उपचार चालू असेपर्यंत 'निक्षय पोषण योजने'खाली रुग्णाच्या खात्यावर दरमहा रक्कम जमा होते. पूर्वी ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. अंडी, कडधान्ये, मासळी यांवर ती खर्च व्हावी.

ताट-पेला वेगळा करण्याचे कारण नाही. हा रोग भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेने पसरतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, खोकताना तोंडावर फडके धरावे. योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासूनचा धोका फार कमी होतो. क्षयरुग्णाला घरीच ठेवून बरे करता येते हे मद्रासच्या केंद्रात १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने साऱ्या जगाला दाखवून दिले आहे. तेव्हा पडवीतली वेगळी खाट आता बंद करूया. नवजात बाळाला बी.सी.जी.ची लस द्यावी. गुरांनाही या जातीचा रोग होतो, म्हणून दूध उकळूनच प्यावे.

आणखी एक गोष्ट टोळ्यांविषयी. घाटावरून येणारी तोडणी टोळी पाच-सहा महिने कोपीत राहते. एखाद्याचे औषध गावी चालू असते आणि हंगामासाठी बाहेर पडताच तुटते. रुग्णाची नोंद आता 'निक्षय' क्रमांकावर होते आणि त्या क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यातही औषध मिळू शकते. टोळी उतरली की मुकादमाला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन विचारावे, "कुणाचं औषध चालू आहे का?" चार लोकांत विचारू नये, माणूस सांगणार नाही. असेल तर त्याला केंद्रावर नेऊन आणण्याची व्यवस्था ज्याच्या फडात टोळी आहे त्याने करावी. अर्ध्या दिवसाची तोड बुडेल, पण एका माणसाचा उपचार तुटणार नाही.

ज्या जंतूचे एक प्रथिन समजून घ्यायला शिकलेल्या माणसांनी इतकी वर्षे घालवली, त्याला दोन महिन्यांत हरवल्याचा समज आपण करून घेऊ नये. सहा महिने म्हणजे बारमाही उसाच्या वयाचा निम्मा काळ. आपण उसाला बारा-बारा महिने पाणी देतो, कंटाळत नाही. घरातल्या माणसाच्या गोळ्यांसाठी सहा महिने रोज आठवण ठेवावी, एवढीच सर्व सभासदांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी